शिजत्या भाताच्या वासाची कुळी

आंबेमोहोर शिजत असला की जिन्यातच कळतं. हा वास नेमका कशाचा, हे मात्र रसायनशास्त्राला १९८२पर्यंत ठाऊक नव्हतं. त्या वर्षी अमेरिकी कृषी खात्याच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेतले रॉन बटरी, लुइसा लिंग आणि फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेतले बियेनवेनिदो हुलियानो यांनी ते द्रव्य हुडकलं: २-असिटिल-१-पायरोलीन. जिभेला हे नाव पेलत नाही, पण नाकाला पाण्याच्या हजार कोटी भागांतला याचा एक भागही पुरतो.

मग बटरींनी केवड्याच्या एका भाऊबंदाची पानं तपासली. आग्नेय आशियात ती भातात घालतात. आपल्याकडेही परसात हे झुडूप असतं; कुणी अन्नपूर्णा म्हणतं, कुणी आंबेमोहोराचं पान. पानात तेच द्रव्य निघालं, सुवासिक तांदळाच्या सुमारे दसपट. साध्या तांदळात एक पान टाकून पाहुण्यांना चकवणाऱ्या सुगरणींना हे सांगायला प्रयोगशाळा नको होती! पावाच्या खरपूस कडेत आणि मक्याच्या लाह्यांतही तेच असतं, पण तिथे ते भाजताना तयार होतं. सुवासिक भाताच्या रोपात ते जिवंतपणीच असतं, म्हणून फुलोऱ्यावरचं खाचर बांधावरूनही ओळखू येतं.

रोप ते का बनवतं, याचं उत्तर २००५ साली ऑस्ट्रेलियात मिळालं, आणि ते मला फार आवडतं. सुवासिक भातांच्या बीएडीएच२ या जनुकातली आठ अक्षरं गळालेली होती. धड जनुक एका अल्डिहाइडचं पुढे दुसरं काही करून टाकतं. जनुक मोडलं की ते अल्डिहाइड साचतं आणि त्यातून हा वास घडतो. म्हणजे बासमतीची सारी प्रतिष्ठा एका बिघाडावर उभी आहे. हा बिघाड जॅपोनिका या कुळातल्या भातांत एकदाच झाला आणि संकरातून इतर कुळांत शिरला, असं २००९च्या अमेरिकी अभ्यासाने दाखवलं. बासमती आणि थायलंडचा जास्मिन दोघांकडे तो एकच. रोपाला तो फुकट पडत नाही: खारवट पाण्यात अशा जातींना दाणे कमी भरतात. तरी शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हेच बी वेगळं काढून ठेवलं.