कयास

केळीच्या भावाचा कयास बांधणं जळगाव जिल्ह्यातल्या मुक्ताईनगरात रोजचंच. हा शब्द अरबी ‘कियास’वरून फारसीमार्गे मराठीत आला. मूळ अर्थ मोजणं, ताडून पाहणं. सुन्नी इस्लामी विधिशास्त्रात कुराण, सुन्ना (पैगंबरांचा आचार) आणि इज्मा (विद्वानांचं एकमत) यांच्यानंतरचा हा चौथा आधार. कुराणात ‘खम्र’, म्हणजे मद्य, निषिद्ध. का? नशा चढते म्हणून. या कारणाला ‘इल्लत’ म्हणतात. मराठीत तिचाच अर्थ ब्याद झाला! तेच कारण नव्या अमली पदार्थात आढळलं, की मनाई त्यालाही लागू. इमाम शाफिईंनी (मृत्यू इ. स. ८२०) ‘रिसाला’ या ग्रंथात या पद्धतीला शिस्त लावली. केळीच्या भावाचे कयास बांधणाऱ्या मुक्ताईनगरच्या नावातही हा धागा सापडतो: त्याचं जुनं नाव एदलाबाद, म्हणजे आदिलाबाद. ‘आदिल’ म्हणजे न्यायी. न्यायाचा कयास कारणावर उभा राहतो. आपणही कयास बांधण्याआधी कारण तपासायला हवं.