एक्स-१ कार्ड

माझी सारी नोकरी जिल्ह्याच्या सेवायोजन कार्यालयात गेली. गावोगावचे लोक त्याला ‘एम्प्लॉयमेंट’ म्हणत.

हे खातं मुळात युद्धातून सुटलेल्या जवानांसाठी आणि युद्ध संपल्यावर कमी झालेल्या कामगारांसाठी जुलै १९४५मध्ये उभं राहिलं. फाळणीनंतर तिथं निर्वासितांची नावं आली आणि १९४८मध्ये दार सगळ्यांनाच उघडं झालं. रोजचा कारभार राज्यांकडे आला तो १ नोव्हेंबर १९५६ रोजी.

आमचं सगळं तंत्र एका जाड कार्डात होतं. एक्स-१ त्याचं नाव. त्यावर शिक्षण, अनुभव आणि राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरणातला सांकेतांक. फिटरचा वेगळा, टंकलेखकाचा वेगळा. मागणी आली की त्या सांकेतांकाची कार्डं काढायची, ज्येष्ठता बघायची, कॉल पाठवायचे. म्हणजे सांकेतांक चुकला तर माणूस भलत्याच खणात पडून राही. म्हणून नोंदणीच्या टेबलावर नीट विचारावं लागे. दहावी नापास एक मुलगा ‘मला काही येत नाही’ म्हणत आला होता. खोदून विचारलं तेव्हा कळलं, मामाच्या दुकानात तो विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरायचा. अकुशल मजुरांत जाणारं त्याचं कार्ड वाइंडरमध्ये गेलं. माझ्या मते खरं व्यवसाय मार्गदर्शन हेच होतं. त्यासाठी पुढं वेगळे अधिकारी नेमले गेले तरी त्याची सुरुवात या टेबलावरच व्हायची.

रिक्त पदं कळवण्याची सक्ती करणारा १९५९चा कायदा १ मे १९६० रोजी, महाराष्ट्र जन्मला त्याच दिवशी, लागू झाला. पद कळवा एवढंच तो सांगत होता. आम्ही पाठवलेला उमेदवार घ्याच, असं नव्हे. पुढं १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वर्तमानपत्रातही जाहिरात द्यायला सांगितलं. ते न्याय्यच होतं, कारण नूतनीकरणाची तारीख हुकली म्हणून ज्येष्ठता गमावलेली कितीतरी मुलं मी पाहिली होती. सुगीच्या दिवसांत मजुरी बुडवून तालुक्याहून कोण येणार?

संगणकानं तो जाच संपवला. केंद्राचं नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टल २० जुलै २०१५ रोजी सुरू झालं, राज्याचं महास्वयं आहे. घरबसल्या नोंदणी होते, हा फार मोठा दिलासा आहे. पण टेबलापलीकडचा विचारणारा माणूस त्यात गेला. आता मुलगा स्वतःच यादीतून व्यवसाय निवडतो, आणि ‘काही येत नाही’ असं वाटणारा मुलगा बहुतेक रकाने रिकामेच सोडतो.

दोन्ही ठिकाणी नोंदणीला पैसे पडत नाहीत. कुणी मागितले तर देऊ नका. आणि घरातलं पोर नाव नोंदवत असेल तेव्हा शेजारी बसा. त्याला येणारं प्रत्येक काम, मामाच्या दुकानातलंसुद्धा, त्याच्याकडून लिहून घ्या.