लिनक्स लॅपटॉपवरील चित्रमय पडदा व माउस : मांडणी आणि दोषशोध

लिनक्समध्ये खिडक्या, चिन्हे आणि माउसचा बाण पडद्यावर आणण्याचे काम कर्नलकडे नसते. ते काम परंपरेने एक्स विंडो सिस्टिम (थोडक्यात एक्स) हा स्वतंत्र कार्यक्रम करत आला आहे. लॅपटॉपवर लिनक्स बसवल्यानंतर काळा पडदा, मधोमध आक्रसलेले चित्र, कोपऱ्यात पळणारा बाण किंवा हात न लावता उघडणाऱ्या याद्या दिसल्या, तर दोष बहुधा एक्सच्या मांडणीत असतो. प्रस्तुत नोंदीत एक्सफ्री८६ या आवृत्तीच्या काळाला (१९९२–२००४) जास्त जागा दिली आहे. त्या काळात पडद्याची वारंवारता आणि माउसची भाषा दोन्ही हाताने लिहावी लागत. त्यामुळे दोष नेमका कोणत्या थरात आहे हे शोधण्याची शिस्त त्याच काळात तयार झाली, आणि आजच्या स्वयंचलित मांडणीतही ती उपयोगी पडते.

इतिहास : एक्सचा आरंभ १९८४ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (एमआयटी) येथे झाला. प्रोजेक्ट अथेनाच्या निमित्ताने बॉब शाइफलर व जिम गेटिस यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठातील ‘डब्ल्यू’ या प्रणालीवरून एक्स रचली. अकरावी आवृत्ती सप्टेंबर १९८७ मध्ये आली आणि तिचा मूळ संकेत आजही चालू आहे. साध्या पीसीसाठी थॉमस रोएल यांनी एक्स३८६ तयार केले. त्यातील दोष दुरुस्त करणाऱ्या स्वयंसेवकांच्या गटातून १९९२ मध्ये एक्सफ्री८६ प्रकल्प उभा राहिला. २००४ च्या आरंभी या प्रकल्पाने आपला परवाना बदलला. त्यानंतर बहुतेक लिनक्स वितरणे एक्स.ऑर्ग या शाखेकडे वळली. या फुटीला परवाना कितपत कारण झाला आणि प्रकल्पाच्या कारभारावरील नाराजी कितपत, याबाबत संबंधितांत एकमत नाही.

सर्व्हरची रचना : एक्सच्या परिभाषेत सर्व्हर म्हणजे ज्या यंत्राला पडदा, कीबोर्ड आणि माउस जोडलेले असतात त्यावर चालणारा कार्यक्रम. तो या तिन्हींचा एकत्र ताबा घेतो. जुन्या आवृत्त्यांत तिन्हींपैकी एक जरी मिळाले नाही तरी सर्व्हर सुरू होण्यास नकार देई. दोषशोधाच्या दृष्टीने ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे, आणि नवशिक्याला ती सहसा कोणी सांगत नाही. पडदा काळा राहिला की माणूस पडद्याची वारंवारता बदलत बसतो. प्रत्यक्षात सर्व्हरला माउसची फाइल उघडता आलेली नसते. म्हणून पहिली तपासणी पडद्याची नसून थराची असावी. कंट्रोल-ऑल्ट-एफ१ दाबून मजकुराचा कन्सोल नीट दिसला, तर पडदा, त्यामागील दिवा आणि कर्नल शाबूत आहेत असे धरून पुढे जावे.

संरचना फाइल : एक्सफ्री८६ ची सर्व मांडणी एक्सएफ८६कॉन्फिग या एका मजकूर फाइलीत असे. एक्सफ्री८६ च्या तिसऱ्या आवृत्तीत कीबोर्ड, पॉइंटर, मॉनिटर, डिव्हाइस व स्क्रीन असे विभाग होते. मार्च २००० मधील चौथ्या आवृत्तीत कीबोर्ड व पॉइंटर यांच्या जागी इनपुटडिव्हाइस हा सामाईक विभाग आला आणि सगळे जुळवणारा सर्व्हरलेआउट विभाग वाढला. एका आवृत्तीची फाइल दुसरीला चालत नसे. जुन्या पुस्तकातील नमुना जसाच्या तसा उतरवल्याने होणारा घोटाळा येथूनच येई. फाइल तयार करण्यासाठी प्रश्नोत्तरी पद्धतीचा एक्सएफ८६कॉन्फिग हा (फाइलीच्याच नावाचा) कार्यक्रम, चित्रमय एक्सएफ८६सेटअप, रेड हॅटचा एक्सकॉन्फिगरेटर आणि सूझेचा सॅक्स ही साधने होती. यांतील कोणतेही साधन वापरले तरी शेवटी फाइल स्वतः वाचून पाहावी लागे.

पडदा : मॉनिटर विभागात होरिझसिंक (आडवी वारंवारता, किलोहर्ट्झमध्ये) आणि व्हर्टरिफ्रेश (उभी वारंवारता, हर्ट्झमध्ये) या दोन मर्यादा असत. जुन्या काचेच्या नळीच्या मॉनिटरला क्षमतेबाहेरची वारंवारता दिल्यास तो बिघडण्याची भीती होती, म्हणून सर्व पुस्तिकांत याविषयी ठळक इशारे असत. लॅपटॉपवर लोक त्या इशाऱ्यांना विनाकारण घाबरत. लॅपटॉपच्या द्रवस्फटिक पडद्याला ठिपक्यांची संख्या ठरलेली असते आणि त्याला लागणारे संकेत ग्राफिक्स चिप स्वतःच घडवते. एक्सला द्यायच्या मर्यादा फक्त ठरलेला मोड गाळला जाऊ नये एवढ्या रुंद असाव्या लागतात.

याचे गणित मोडलाइनवरून, म्हणजे एका मोडचे ठिपके व वेळा सांगणाऱ्या ओळीवरून, समजते. १०२४×७६८ ठिपक्यांसाठी ठिपक्यांचे घड्याळ ६५ मेगाहर्ट्झ, ओळीची एकूण लांबी १,३४४ आणि ओळींची एकूण संख्या ८०६ असते. ६,५०,००,००० ला १,३४४ ने भागल्यास आडवी वारंवारता सुमारे ४८.४ किलोहर्ट्झ येते, आणि तिला ८०६ ने भागल्यास उभी ६० हर्ट्झ. कोणी मर्यादा ३१.५–३७.९ अशी दिली, तर सर्व्हर हा मोड निमूटपणे वगळतो आणि ८००×६०० वर येतो, कारण त्याला ३७.९ पुरतात. मग चित्र पडद्याच्या मध्यभागी येऊन भोवती काळी चौकट राहते, किंवा बाण कडेला नेला की सगळा पडदा सरकतो. मर्यादा ३१.५–४८.५ केली की दोन्ही लक्षणे जातात. मोडलाइन हाताने जुळवण्याचे शास्त्र एरिक रेमंड यांच्या ‘एक्सफ्री८६ व्हिडिओ टायमिंग्ज हाउटू’ या पुस्तिकेत सविस्तर आहे. मात्र तिचा भर नळीच्या मॉनिटरवर आहे.

चित्र नीट न येण्याचे दुसरे कारण स्मृतीचे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धातील अनेक लॅपटॉपमध्ये निओमॅजिक कंपनीच्या चिप असत आणि त्यांच्यात चित्रस्मृती चिपच्या आतच ठरलेली असे. एनएम२०७० मध्ये ८९६ किलोबाइट, एनएम२१६० मध्ये २ मेगाबाइट. ८००×६०० ठिपके १६ बिट रंगांत ९,६०,००० बाइट घेतात. ८९६ किलोबाइट म्हणजे ९,१७,५०४ बाइट. चित्र बसत नाही, म्हणून २५६ रंगांवरच भागवावे लागते. त्याचप्रमाणे १०२४×७६८ ला २४ बिट रंगांत २३,५९,२९६ बाइट लागतात आणि २ मेगाबाइटमध्ये २०,९७,१५२ च असतात. १६ बिट मात्र आरामात मावतात. रंगांची खोली एक पायरी खाली आणली की ‘मोड सापडत नाही’ ही तक्रार मिटते, त्यासाठी ड्रायव्हर बदलावा लागत नाही. चिप्स अँड टेक्नॉलॉजीजच्या ६५५५० व ६५५५४, एटीआयची रेज मोबिलिटी आणि ट्रायडेंटची सायबर मालिका या त्या काळातील इतर प्रचलित चिप होत.

तिसरे कारण सर्वांत साधे आणि सर्वांत दुर्लक्षित आहे : चित्र बाहेरच्या मॉनिटरच्या खोबणीकडे गेलेले असते. थिंकपॅडवर एफएन-एफ७ आणि तोशिबावर एफएन-एफ५ दाबून ते परत आणता येते. निओमॅजिकच्या ड्रायव्हरमध्ये त्यासाठी इंटर्नडिस्प व एक्स्टर्नडिस्प हे पर्यायही होते. काहीच जमले नाही तर कर्नलला सुरू होताना व्हीजीए=७९१ (१०२४×७६८) किंवा व्हीजीए=७८८ (८००×६००) असे सांगून फ्रेमबफर चालू करावा आणि एक्सला त्यावर चालवावे. गती कमी मिळते. पडदा मात्र दिसतो आणि पुढील काम सुरू करता येते.

माउस : लॅपटॉपचा टचपॅड किंवा कीबोर्डमधली लाल कळी (टेड सेल्कर यांनी आयबीएमसाठी विकसित केलेली, १९९२ च्या थिंकपॅड ७००सी वर प्रथम) बाहेरून वेगळी दिसली तरी त्या काळात संगणकाशी पीएस/२ माउस म्हणूनच बोले. ती १२ क्रमांकाची व्यत्यय-रेषा वापरी आणि लिनक्समध्ये /डेव्ह/पीएसऑक्स या फाइलीतून दिसे. सीरियल माउस /डेव्ह/टीटीवायएस० येथे असतो. पुष्कळ वितरणांत /डेव्ह/माउस हा दुवा असतो आणि तो भलत्याच फाइलीकडे वळलेला असणे हा नेहमीचा दोष आहे. कर्नलला माउस दिसतो की नाही हे पाहण्याची एक खात्रीची चाचणी आहे : मुख्य वापरकर्ता होऊन कन्सोलवर कॅट /डेव्ह/पीएसऑक्स ही आज्ञा द्यावी आणि टचपॅडवर बोट फिरवावे. निरर्थक अक्षरांचा ओघ आला तर कर्नल व तार ठीक आहेत आणि दोष एक्सच्या फाइलीत आहे. काहीच आले नाही तर एक्सची फाइल कितीही बदलली तरी फरक पडणार नाही.

या चाचणीपूर्वी जीपीएम बंद करावे. जीपीएम हा मजकुराच्या कन्सोलवर माउस चालवणारा पार्श्वकार्यक्रम. तो आणि एक्स एकाच वेळी एकच फाइल वाचू लागले की माउसचे बाइट दोघांत विभागले जातात. बाण अडखळतो किंवा सर्व्हर ‘डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी’ असे सांगून थांबतो. दोन्ही हवे असतील तर जीपीएमला पुनःप्रक्षेपणाच्या पर्यायाने चालवून एक्सला /डेव्ह/जीपीएमडेटा ही फाइल द्यावी.

प्रोटोकॉलची (माउसच्या भाषेची) चूक ओळखण्यासाठी माउस काय पाठवतो ते ठाऊक हवे. साधा पीएस/२ माउस दर हालचालीला तीन बाइट पाठवतो. पहिल्यात बटणांचे बिट, चिन्हांचे बिट आणि एक कायम चालू असणारा बिट, दुसऱ्यात आडवे सरकणे, तिसऱ्यात उभे. चाकाचा माउस (आयएमपीएस/२) चौथा बाइट चाकासाठी जोडतो. संगणकाने नमुन्यांचा दर लागोपाठ २००, १०० व ८० केला की असा माउस आपला ओळख क्रमांक ३ सांगतो आणि चार बाइटांवर जातो. एका बाजूला तीन व दुसऱ्या बाजूला चार बाइटांचा हिशेब चालू असेल, तर प्रत्येक पुडीत (बाइटांच्या गटात) एक बाइट पुढे सरकतो. हालचालीचा आकडा बटणांच्या जागी वाचला जातो, आणि म्हणून बोट सरकवले की बाण कोपऱ्यात उडी घेतो व याद्या आपोआप उघडतात. हे लक्षण दिसले की पडद्याकडे न पाहता पॉइंटर विभागातील प्रोटोकॉलची ओळ तपासावी. सीरियल माउसमध्येही हाच प्रकार होतो : मायक्रोसॉफ्ट पद्धतीत तीन बाइट, माउस सिस्टिम्स पद्धतीत पाच.

लॅपटॉप झोपेतून उठल्यावर असे घडते ते वेगळ्या कारणाने. उठताना टचपॅड मूळ स्थितीला येऊन तीन बाइट पाठवू लागतो आणि वाचणारा चारच मोजत राहतो. नव्या कर्नलमध्ये ‘लॉस्ट सिंक्रोनायझेशन’ असा संदेशही उमटतो. कंट्रोल-ऑल्ट-एफ१ दाबून कन्सोलवर जावे आणि परत यावे. त्यामुळे एक्स माउसला नव्याने जुळवतो. संगणक पुन्हा सुरू करण्याची गरज नसते.

एक्समध्ये निवडलेला मजकूर चिकटवण्यासाठी मधले बटण लागते आणि लॅपटॉपला बहुधा दोनच बटणे असतात. इम्युलेट३बटन्स हा पर्याय दिल्यास दोन्ही बटणे एकत्र दाबणे म्हणजे मधले बटण धरले जाते. त्यासाठीची मुदत मुळात ५० मिलिसेकंद असते. बोटांना ती अपुरी वाटल्यास इम्युलेट३टाइमआउट वाढवावा. हाताला त्रास असलेल्या किंवा वयस्क वापरकर्त्याला हा एक आकडा बदलून दिल्याने मोठा दिलासा मिळतो.

कर्नल २.६ (डिसेंबर २००३) पासून टचपॅड स्वतःच्या पूर्ण भाषेत, म्हणजे बोटाची निश्चित जागा व दाब सांगणाऱ्या सहा बाइटांत वाचला जाऊ लागला. त्यामुळे काही लॅपटॉपवर थापटून क्लिक करणे अचानक बंद झाले आणि सिनॅप्टिक्स ड्रायव्हर घातल्यावर परत आले. सर्व माउसांचे एकत्र रूप /डेव्ह/इनपुट/माइस येथे मिळू लागल्याने जीपीएमशी होणारे भांडण मात्र संपले.

नोंदफाइल : चौथ्या आवृत्तीपासून सर्व्हर /व्हार/लॉग या निर्देशिकेत नोंदफाइल ठेवतो. (ईई) म्हणजे त्रुटी, (डब्ल्यूडब्ल्यू) इशारा, (**) फाइलीतून आलेली माहिती, (==) गृहीत धरलेली, (--) यंत्राला विचारून मिळालेली. शेवटची ‘नो स्क्रीन्स फाउंड’ ही ओळ केवळ परिणाम सांगते; कारण तिच्या बरेच वर, गाळलेल्या मोडांच्या यादीत किंवा न सापडलेल्या ड्रायव्हरच्या उल्लेखात असते. एका वेळी एकच ओळ बदलावी आणि नोंदफाइल पुन्हा वाचावी. तिसऱ्या आवृत्तीत ही फाइल नव्हती. स्टार्टएक्सचा त्रुटीप्रवाह फाइलीत वळवून हेच काम करता येई.

पुढील बदल : २००९ पासून इंटेल चिपसाठी पडद्याचा मोड कर्नलच ठरवू लागला (कर्नल २.६.२९). एक्स सर्व्हर १.८ (२०१०) मध्ये साधने आपोआप ओळखण्याचे काम यूडेव्ह या साधने सांभाळणाऱ्या कार्यक्रमाकडे आले; संरचना फाइल त्यापूर्वीच ऐच्छिक झाली होती. सुरू होतानाच पडदा काळा पडल्यास कर्नलला नोमोडसेट हा शब्द देऊन पाहणे हा आजचा पहिला उपाय आहे. टचपॅडसाठी लिबइनपुट हे सामाईक ग्रंथालय आले.

वेलँड : क्रिस्टियन होग्सबर्ग यांनी २००८ मध्ये सुरू केलेली एक्सची उत्तराधिकारी रचना.

दोन ग्राफिक्स चिप असलेले लॅपटॉप : एनव्हिडियाच्या ऑप्टिमसनंतर (२०१०) प्रश्नाचे स्वरूप बदलले, तो स्वतंत्र नोंदीचा विषय आहे.

देवनागरी : मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राने (एनसीएसटी, पुढे सी-डॅकमध्ये विलीन) इंडिक्स या प्रकल्पात एक्समध्येच भारतीय लिपींची मांडणी करण्याची सोय जोडली. नंतर ते काम पँगो व क्यूट यांसारख्या ग्रंथालयांकडे गेले. इनस्क्रिप्ट कीबोर्ड मात्र अजूनही एक्सकेबी या एक्सच्या कीबोर्ड-विस्तारातच लिहिला जातो : कीबोर्डच्या विभागात लेआउटसमोर ‘यूएस,इन’ ही जोडी दिली की मराठी टंकलेखन चालू होते. ती ओळ चुकली तर सर्व्हर सुरू होतो, फक्त देवनागरी उमटत नाही, म्हणून पडदा व माउस स्थिर झाल्यावरच ती घालावी.