सिझेरियननंतरची शुश्रूषा

पोट व गर्भाशय यांना छेद देऊन बाळंतपण झाल्यावर मातेची रुग्णालयात आणि घरी घ्यावयाची काळजी. बोलीत नुसते ‘सिझर’. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात दर चार बाळंतपणांमागे साधारण एक असे होते.

अजिंठा लेण्यांच्या पायथ्याच्या फर्दापूरहून (ता. सोयगाव) संभाजीनगरची ‘घाटी’ (सरकारी रुग्णालय) सुमारे शंभर किलोमीटर दूर, तीही अजिंठ्याचा घाट चढून, जळगाव त्याहून जवळ. ओल्या टाक्यांनिशी परतताना हे अंतर जाणवते. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात (२०११) सरकारी रुग्णालयातील शस्त्रक्रिया, औषधे, सात दिवसांपर्यंतचा आहार आणि घरी पोचवणारे वाहन मोफत आहे. ते हक्काने मागावे.

लघवीची नळी बहुधा पहिल्या दिवसात निघते. त्यानंतर आधार घेऊन उठणे, चार पावले चालणे आवश्यक असते; पडून राहिल्यास पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. खोकताना टाक्यांवर उशी दाबून धरावी. बाळाला बगलेखाली घेऊन पाजल्यास पोटावर भार येत नाही. चीक त्यालाच द्यावा.

खरी कसोटी घरी लागते. सव्वा महिन्याची विश्रांती, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, माहेरचा हात ही आपली रीत मोलाची आहे, आणि सिझर झालेल्या बाईला ती जास्तच मिळायला हवी. मात्र पाणी तोडणे चुकीचे: दूध पाजणारीला तहान अधिक लागते, शिवाय बद्धकोष्ठाने कुंथताना टाके ताणतात. शेगडीचा शेक, पोटाची मालिश आणि करकचून बांधलेला पट्टा ओल्या जखमेवर नको. जखम कोरडी ठेवावी, हळद-तेल लावू नये. भरलेला हंडा किमान सहा आठवडे उचलू नये. सासरी हे पाळले जाणे फार गरजेचे आहे.

सिझर झालेली बाई तिसऱ्या दिवशी रुग्णालयातच असते, म्हणून आशाताईंच्या घरभेटी ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी ठरलेल्या आहेत. ताप, जखमेतून पू, दुर्गंधीयुक्त स्राव, तासाभरात पॅड भिजवणारा रक्तस्राव, एका पोटरीला सूज, धाप, तीव्र डोकेदुखी यांपैकी काहीही दिसल्यास भेटीची वाट न पाहता १०८ बोलवावी.

पुढचा गर्भ किमान दोन वर्षांनी राहावा. गर्भाशयाचा व्रण तोवर भरतो. डिस्चार्ज कार्डावर छेदाचा प्रकार व कारण लिहून घ्यावे, कारण पुढच्या खेपेला नैसर्गिक बाळंतपणाचा प्रयत्न करता येईल का, हे डॉक्टर त्यावरून ठरवतात.