शून्य सावलीचा दिवस आणि पृथ्वीचे मोजमाप

भर दुपारी सूर्य रोज बरोबर डोक्यावर येतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात भारतातील कोणत्याही गावी तो वर्षातून फार तर दोनच दिवस डोक्यावर येतो. दिल्लीत तर तो कधीच डोक्यावर येत नाही.

पृथ्वीचा अक्ष सुमारे २३.५ अंशांनी कललेला आहे. त्यामुळे वर्षभरात सूर्य कर्कवृत्त व मकरवृत्त यांच्या दरम्यान उत्तरेकडे आणि दक्षिणेकडे सरकताना दिसतो. तो एखाद्या स्थळाच्या अक्षांशावर आला, की तेथे माध्यान्ही सरळ उभ्या काठीची सावली बुंध्याशीच नाहीशी होते. हाच शून्य सावलीचा दिवस होय. कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असलेल्या प्रत्येक भारतीय गावी तो वर्षातून दोनदा येतो. पणजीत २-३ मे, मुंबईत १५-१६ मे आणि नागपुरात २६ मेच्या सुमारास तो अनुभवता येतो. दुसरा दिवस पावसाळ्यात येत असल्याने महाराष्ट्र व गोव्यात तो बहुधा ढगांआड जातो.

या साध्या घटनेतून पृथ्वीचा आकार मोजता येतो. इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात इजिप्तमधील अलेक्झांड्रिया येथील ग्रंथपाल एरॅटोस्थेनिस याने हे दाखवून दिले. सायिनी (आजचे आस्वान) येथे सूर्य डोक्यावर असताना अलेक्झांड्रियात तो ७.२ अंश कललेला असतो, असे त्याला आढळले. हा कोन पूर्ण वर्तुळाचा पन्नासावा भाग आहे. म्हणून दोन्ही नगरांमधील अंतराची पन्नास पट म्हणजे पृथ्वीचा परिघ, असे त्याने मांडले.

हाच प्रयोग भारतातही करता येतो. बंगळुरू आणि भोपाळ ही शहरे जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत. २४ एप्रिलच्या सुमारास बंगळुरूत सावली शून्य होते. त्याच वेळी, म्हणजे दुपारी सुमारे १२ वाजून १८ मिनिटांनी, भोपाळमध्ये १०० सेंटिमीटर उंच काठीची सावली सुमारे १८ सेंटिमीटर भरते. त्यावरून सूर्यकिरणांचा कल सुमारे १०.३ अंश निघतो. दोन्ही शहरांमधील सरळ अंतर सुमारे १,१४० किलोमीटर आहे. ३६० अंशांना १०.३ ने भागून आलेल्या संख्येने या अंतरास गुणल्यास परिघ सुमारे ४०,००० किलोमीटर येतो. आधुनिक मोजमापही जवळपास तेच आहे.

प्रयोगासाठी सपाट जागा, ओळंब्याने सरळ उभी केलेली काठी आणि मोजपट्टी पुरेशी आहे. घड्याळातील बारा म्हणजे माध्यान्ह नव्हे. दिवसातील सर्वांत आखूड सावलीची वेळ ही खरी माध्यान्ह. निरीक्षण सावलीचेच करावे. सूर्याकडे थेट पाहिल्यास डोळ्यांना कायमची इजा होऊ शकते.