सुट्या भागांचं पिस्तूल

१९७० च्या दशकात अमेरिकेतल्या हजारो घरांत टपालानं एक लांबट खोका येत असे. उघडला की आत चौकोनी कडांचा, अर्धवट कोरलेला लाकडी दस्ता, आठ पैलूंची लोखंडी नळी, जुळवलेलं लॉक (म्हणजे बार पेटवणारी यंत्रणा), ओतकामाच्या खुणा अंगावर तशाच असलेले पितळेचे तुकडे, स्क्रूंची पुडी आणि सूचनांचा घडी घातलेला कागद. घरातला कुणी बाप, कुणी आजोबा, कुणी कॉलेजात जाणारा मुलगा कानस आणि पॉलिशपेपर घेऊन गॅरेजमध्ये बसायचा, आणि काही रविवारांनंतर त्याच्या हातात चकमकीचं ‘केंटकी’ पिस्तूल असायचं. त्यांतली कितीतरी पिस्तुलं एकदाही न उडता भिंतीवर टांगली गेली. आता ती माळ्यावरून, वारसांच्या लिलावातून बाहेर येत आहेत: वर जाड चकचकीत व्हार्निश, स्क्रूंची डोकी खरवडलेली, लॉकभोवतीच्या फटीत लांबी भरलेली.

या खोक्यामागे चाळीसेक वर्षांचा इतिहास होता. ठासणीच्या बंदुकांची विद्या विसरली जाऊ नये म्हणून १९३३ मध्ये अमेरिकेत ‘नॅशनल मझल लोडिंग रायफल असोसिएशन’ स्थापन झाली. इंडियाना राज्यातल्या फ्रेंडशिप नावाच्या चिमुकल्या गावात तिचे सामने भरू लागले. सुरुवातीला लोक पणजोबांच्याच बंदुका घेऊन यायचे. पण अस्सल जुना माल संपत चालला, महाग होऊ लागला, आणि इतक्या जुन्या नळीत दारू ठासणं धोक्याचंही होतं. १९५४ मध्ये टर्नर कर्कलंड यांनी टेनेसीतल्या युनियन सिटीत ‘डिक्सी गन वर्क्स’ काढलं आणि सुटे भाग टपालानं पाठवायला सुरुवात केली. पाठोपाठ इटलीतल्या गार्दोने व्हाल त्रोंपिया आणि स्पेनमधल्या एइबार या बंदूककामाच्या जुन्या गावांतून नव्या नळ्या आणि नवी लॉक येऊ लागली.

मोठा रेटा मात्र कायद्यानं दिला. १९६८ च्या ‘गन कंट्रोल ॲक्ट’नं टपालानं बंदुका मागवण्यावर कडक बंधनं आणली, पण १८९८ पर्यंतच्या जुन्या बंदुका आणि त्यांच्या बिनकाडतुसी प्रतिकृती त्यातून वगळल्या. चकमकीचं पिस्तूल त्या सवलतीत अलगद बसलं. पुढे १९७६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याची दोनशे वर्षं साजरी झाली आणि अठराव्या शतकातल्या प्रत्येक वस्तूला मागणी आली.

जाणकार संग्राहक या किट पिस्तुलांकडे आजही नाक मुरडतात. सुटे भाग विकत आणून जोडलेलं पिस्तूल म्हणजे नकली, असं त्यांचं म्हणणं. इतिहास त्यांच्या बाजूनं नाही. ज्या लांब नळीच्या ‘केंटकी’ बंदुकांवरून या पिस्तुलांना नाव मिळालं, त्या घडल्या मुख्यतः पेन्सिल्व्हेनियात, लँकेस्टरच्या आसपास, जर्मन वंशाच्या कारागिरांच्या हातून. आणि त्यांतल्या कितीतरी बंदुकांवरचं लॉक तिथं बनलेलंच नव्हतं. ते बर्मिंगहॅमहून आयात व्हायचं. बर्मिंगहॅमच्या केटलंड घराण्याचं नाव कोरलेली लॉक अमेरिकी बंदुकांवर सर्रास आढळतात. खुद्द बर्मिंगहॅममध्ये तरी कुठे एक माणूस अख्खी बंदूक घडवत होता? लॉक डार्लस्टन आणि वेन्सबरीच्या घरगुती भट्ट्यांमधून यायची, नळ्या ठोकणारे वेगळे, भोक पाडणारे वेगळे, दस्ता कोरणारे वेगळे, नक्षी काढणारे वेगळे. बंदुकीवर ज्याचं नाव झळके, तो बहुतेकदा भाग गोळा करून जुळवून घेणारा मालक असे. गॅरेजमधला हौशी माणूस अठराव्या शतकाची नक्कल करत नव्हता, तेव्हाची रीतच पुढे चालवत होता.

चकमकीचं लॉक आजच्या ओळखीच्या रूपात स्थिरावलं ते सतराव्या शतकाच्या आरंभी. त्याचं श्रेय नॉर्मंडीतल्या लिझ्यू गावच्या मारँ ल बूर्ज्वा या कारागिराला दिलं जातं. मराठी मुलखालाही ते परकं नाही. महादजी शिंद्यांसाठी डी बॉईन या युरोपीय सेनानीनं कवायती पलटणी उभारल्या, तेव्हा त्यांच्या बंदुका आग्र्याच्या कारखान्यात सँगस्टर नावाच्या स्कॉट माणसाच्या देखरेखीखाली बनत होत्या. कोकणात पिकं राखायला ठासणीची बंदूक बाळगणारे शेतकरी आजही आहेत. त्यांच्या बंदुकीत मात्र चकमकीऐवजी केप (आघातानं पेटणारी टोपी) फुटते. ती वाटही एका स्कॉट माणसानंच उघडली होती, बेलहेल्व्ही गावचा पाद्री अलेक्झांडर फोर्साइथ यानं, १८०७ च्या पेटंटनं.

माळ्यावरून उतरलेलं असं किट पिस्तूल हाती आलं की पहिलं काम एकच: ते भरलेलं आहे का, हे पाहणं. गज नळीत तळापर्यंत सोडायचा, तोंडापाशी खूण करायची, मग खूण तोंडाशी जुळवून तोच गज बाहेरून नळीला लावायचा. गजाचं टोक कानाच्या, म्हणजे आग आत नेणाऱ्या, भोकाच्या बरंच अलीकडे थांबलं, तर आत काहीतरी आहे. काळी दारू कोरडी राहिली तर वर्षानुवर्षं जिवंत राहते, म्हणून ही तपासणी कुणीही टाळू नये.

मग व्हार्निश. ते घासून काढायचा मोह होतो आणि तिथंच पिस्तूल बिघडतं. पॉलिशपेपरनं लाकूड खाली गेलं की पितळेच्या आणि लोखंडाच्या कडा वर उरतात. त्या पुन्हा लाकडाशी सपाट बसत नाहीत. रसायनानं व्हार्निश सैल करून ते कापडानं पुसून घ्यावं आणि जवसाच्या तेलाचे पातळ हात द्यावेत. वाकडी बसलेली पितळी पट्टी, दस्त्यावर निसटलेल्या पटाशीची खूण, नळीखालच्या खाचेत पेन्सिलनं लिहिलेली तारीख सापडली तर तीही, हे सगळं तसंच ठेवावं. बंदूक कुणी जोडली याचा पुरावा तेवढाच असतो.

खरी कसोटी लॉकची. चाप ओढला की घोड्याच्या जबड्यात चामड्यात धरलेली गारगोटी पोलादी झडपेवर आदळते. झडप पुढे उलटते, खालचा प्याला उघडा पडतो आणि ठिणग्या त्यातल्या रंजकेवर, म्हणजे पेटवणीच्या दारूवर, पडतात. ठिणगी म्हणजे गारगोटीनं खरवडलेला पोलादाचा पेटता कण. त्यामुळे झडपेचा पृष्ठभाग कठीण हवा. स्वस्त किटांमध्ये तो अनेकदा मऊ असायचा. गारगोटी त्यात चरे पाडते, पण ठिणगी उडत नाही. परीक्षा सोपी आहे: झडपेच्या कोपऱ्यावर कानस फिरवावी. ती घसरली तर पोलाद कठीण, खाऊ लागली तर मऊ. मऊ झडप कोळशाच्या भुकटीत बंद करून लालभडक तापवतात, मग गार पाण्यात बुडवतात. कार्बन शिरून वरचा थर कठीण होतो, आतला गाभा चिवट राहतो. घोडा अर्धा चढवल्यावर नीट अडकत नसेल, तर मात्र हौशी माणसानं हात घालू नये. ते जाणत्या बंदूक-कारागिराचं काम.

गारगोटीचंही गाव ठरलेलं होतं: इंग्लंडमधल्या सफकचं ब्रँडन. नेपोलियनच्या युद्धांच्या काळात तिथले कारागीर ब्रिटिश फौजेसाठी काळी गारगोटी फोडत. जवळच ग्राइम्स ग्रेव्ह्ज इथं चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या गारगोटीच्या खाणी आहेत.

आता बार. नळीत फक्त काळी दारू जाते: ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा, १० भाग गंधक. आधुनिक धूरविरहित दारू घातली तर नळी फुटते. ०.४५ इंची नळीसाठी सुमारे आठ ग्रॅम वजनाची शिशाची गोळी तेलकट कापडात गुंडाळून गजानं दारूवर टेकेपर्यंत दाबतात. मध्ये पोकळी राहता कामा नये. प्याल्यात रंजक चिमूटभर. कानाचं भोक रंजकेनं बुजलं तर आग वातीसारखी सावकाश आत सरकते आणि बार उशिरा उडतो. रंजक भडकली आणि बार उडालाच नाही, असंही होतं. तेव्हा नळी तशीच लक्ष्याकडे धरून थांबायचं असतं.

रंजक डोळ्यांसमोर भडकते, आणि नेमक्या त्या क्षणी हात स्थिर ठेवणं हेच नेमबाजाचं कसब. ठासणीच्या बंदुकांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांत गुळगुळीत नळीच्या चकमकी पिस्तुलाची स्पर्धा २५ मीटरवर होते. तिला गार्दोनेच्या प्रसिद्ध कोमिनाझ्झो घराण्याचं नाव आहे. अस्सल जुन्या पिस्तुलांचा गट वेगळा, प्रतिकृतींचा वेगळा. ३० मिनिटांत १३ बार काढायचे आणि सर्वोत्तम १० मोजायचे. त्या अर्ध्या तासात नेमबाज नळी पुसतो, गारगोटीची धार ठोकून काढतो, कानाच्या भोकात तार फिरवतो. आणि त्याच संध्याकाळी गरम पाण्यानं नळी धुऊन, कोरडी करून तेलाचा हात द्यावा लागतो. काळ्या दारूची राख हवेतली ओल ओढते आणि एका रात्रीत गंज धरतो.