सारखे दिसणारे परके

टी, ए, के ही तीन रोमन अक्षरे घ्या. पोलिशमध्ये त्यांचा अर्थ ‘हो’, डॅनिशमध्ये ‘आभार’, स्वीडिशमध्ये ‘छप्पर’ आणि डचमध्ये झाडाची ‘फांदी’. शब्दांच्या इतिहासात पहिल्यांदाच पाऊल ठेवणाऱ्या वाचकाला याहून चांगला दरवाजा मला माहीत नाही.

केसलर आणि दरोकिन्यी यांनी १९२८ साली इंग्रजीतल्या फसव्या शब्दांबद्दल फ्रेंच वाचकांना सावध करणारे पुस्तक लिहिले आणि ‘खोटे मित्र’ ही संज्ञा रूढ झाली. अनुवादकाला ती पुरते. अभ्यासकाला पुरत नाही, कारण तिच्यात दोन निराळी प्रकरणे एकत्र कोंबली गेली आहेत. जर्मनमध्ये ‘गिफ्ट’ म्हणजे विष; तरी ते इंग्रजी ‘गिफ्ट’चे सख्खे भावंडच. मूळ अर्थ ‘दिलेले’. औषधाची मात्राही दिलीच जाते, आणि तिथून अर्थ विषाकडे घसरला. हुंड्याला जर्मन अजूनही ‘मिटगिफ्ट’ म्हणतात! इथे नाते शाबूत आहे, अर्थ तेवढे पांगले.

वरच्या तीन अक्षरांचे तसे नाही. डॅनिश आभार आणि स्वीडिश छप्पर यांची नाती अनुक्रमे इंग्रजी ‘थँक’ आणि ‘थॅच’शी. दोन्हींच्या आरंभी एके काळी ‘थ’ होता. आइसलँडिकने तो आजही राखला आहे. डेन्मार्क-स्वीडनमध्ये त्याचा ‘ट’ झाला. पोलिश होकार मात्र संस्कृत ‘तद्’च्या कुळातला, दर्शक सर्वनामातून आलेला. वेगवेगळ्या वाटांनी झिजत आलेले शब्द एका रूपाला येऊन थांबले, इतकेच. मराठीतही ‘कर्मन्’ झिजून ‘काम’ झाले आणि इच्छावाचक तत्सम ‘काम’च्या शेजारी जाऊन बसले.

तेव्हा रूपावर विसंबू नये, हे कळायला वेळ लागत नाही. अवघड जाते ते पुढचे: रूप आणि अर्थ दोन्ही जुळले, तरी नाते असेलच असे नाही. लॅटिन ‘हाबेरे’ आणि इंग्रजी ‘हॅव’ दोन्हींचा अर्थ ‘जवळ असणे’. पण एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. लॅटिनमधला आद्य ‘क’ जर्मानिक भाषांत ‘ह’ होऊन येतो, जसे ‘कॉर्नू’ आणि ‘हॉर्न’, दोन्ही म्हणजे शिंग. त्या हिशेबाने ‘हॅव’चा लॅटिन भाऊबंद ‘कापेरे’ ठरतो, म्हणजे ‘पकडणे’.